आधी ताईला कळवायचं होतं

ताई,

मी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जातोय. इन्सुलिनचं इंजेक्शन स्वतःच कसं टोचायचं, ते तिथला कंपाउंडर शिकवणार आहे. माझ्यासाठी थांबू नकोस, शिवणाच्या क्लासला वेळेवर जा. दूध तापवून ठेवलंय, थोडं उतू गेलं.

काल तू म्हणालीस, सेहेचाळिसाव्या वर्षी नर्सिंग सोडतेय, आणि माझ्या तोंडून निघालं, "मग मला इंजेक्शन कोण देणार?" तुझ्या धाकट्या भावानं तीनदा नोकरी बदलली, तेव्हा मी त्याच्या पाठीवर थाप मारली होती. काल तू नुसती भांडी घासत राहिलीस.

तुझी आई गेली त्या दिवशी डॉक्टर दुपारीच म्हणाले होते, मुलांना बोलावून घ्या. मी फोन धाकट्याला केला, तुला नाही. तू तुझ्या वॉर्डात कामावर होतीस. रोजच असं बघतेस, तुला सवय असेल, असं मला वाटलं. तो वेळेत पोचला, तिचा हात धरून बसला. तू आलीस तेव्हा तोंडावर चादर ओढलेली होती. वर्ष झालं, तू हा विषय एकदाही काढला नाहीस.

आज सकाळी त्याला फोनवर म्हटलं, "रविवारी तरी माझ्याकडे बघायला तू येत जा."

तो हसला. "अहो बाबा, ताई आहे ना!"

मला रागावताही आलं नाही. हे त्याला लहानपणापासून मीच शिकवलं. आता ते कसं मोडून काढायचं, हे मी तुझ्या आईला विचारलं असतं.

बाबा