दाद्याचा मिटल्या डोळ्यांचा चेहरा

९ एप्रिल
दूध संस्थेचे सेक्रेटरी घरी आले, हातात दाद्याचं मतदार कार्ड. "पेंटर, म्होरल्या महिन्यात चेअरमनचं वर्षश्राद्ध. हॉलमधी मोठं चित्र पायजे. ह्यो एकच फोटो हाय." दाद्या म्हणजे चेअरमन दादाराव, पहिलीपासूनचा माझा मित्र. हो म्हणालो. लगेच तोंड फिरवून बायकोला चहासाठी ओरडलो. शांता मागंच उभी. "वरडता कावून? हितंच हाय मी."

११ एप्रिल
फोटोवर नेहमीसारख्या चौकटी आखल्या, तेवढ्याच कॅनव्हासवर. चाळीस वर्षं हाच धंदा. देव, पुढारी, शाळेच्या भिंतीवरचे थोर पुरुष, सगळे चौकटीचौकटीनं उतरवले. आज पहिल्याच चौकटीत हात थांबला. कार्डावरचा माणूस फोटोवाल्याला भ्यालेला दिसतो. दाद्या कुणाला भ्यायचा?
पुसलं.

१४ एप्रिल
आखलं, पुसलं. मग ब्रश धुतले, स्वच्छ होते तेसुद्धा. शांता : "टक्कल पडंल त्येन्ला." टँकरच्या रांगेत स्वतःहून जाऊन उभा राहिलो. तेवढाच वेळ कॅनव्हाससमोर बसायला नको.

१७ एप्रिल
संचालकांच्या सूचना. फेटा हवा. गाल भरा, "दुष्काळात वाळलेला चेअरमन बरा दिसत न्हाई." दाद्या जन्माचा काडीपैलवान, गाल कुठून आणू? मागच्या मोठ्या दुष्काळात लोक जनावरं बाजारात काढायला निघाले, तेव्हा हा दारोदार फिरला. "एक गाय ठिवा, दुधाचं मी बघतो." त्यातून संस्था उभी राहिली. मी बरोबर होतो. त्याची तुटकी चप्पल आठवते, चेहरा आठवत नाही.
खरं लिहायचं तर भीती हीच आहे. जगाचे चेहरे काढले आणि स्वतःच्या मित्राचा नीट पाहिलाच नाही.

२० एप्रिल
सुमनवहिनींकडे गेलो, दाद्याच्या बायकोकडे. दुसरा फोटो नाहीच. लग्नात ठरवलेला फोटोवाला आला नव्हता. म्हणाल्या, "त्या कार्डाकडं बगून रडू बी येत न्हाई भावजी. कुनी परकाच वाटतो. तुमचं चित्र कवा व्हनार?"
चार दिवसांत, असं खोटं सांगून आलो. वाटेत फार वाईट वाटलं.

२३ एप्रिल
शांताचा गुडघा धरला, म्हणून सकाळी संस्थेत दूध घालायला मी गेलो. वैरण नाही, त्यामुळे कॅन अर्धेच. आता फॅट मोजायला मशीन लावतात. दाद्याचा मशीनवर विश्वास नव्हता. मनगटावर थेंब घ्यायचा, चाटायचा, डोळे मिटून उभा राहायचा. मग निकाल : "ह्या गाईला काल नुसतं उसाचं वाढं घातलंय." फॅटचा अंदाज त्याचा हमखास चुकायचा, लोक चेष्टा करायचे. पण उपाशी गाय बरोबर ओळखायचा. दुपारी त्या घरी कडब्याच्या पेंढ्या पोचायच्या. कुणी पाठवल्या ते विचारायची सोय नव्हती.
मीही मनगटावर थेंब घेतला, चाटला, डोळे मिटले. समोर दाद्या. खालचा ओठ पुढं, भुवया वर, लई शहाणा असल्याचा आव.
पळतच घरी. चौकटी आखल्या नाहीत. मनगटापासून सुरुवात केली, असं आजवर कधी केलं नव्हतं. जेवायचं राहिलं.

२९ एप्रिल
नाक जरा वाकडं झालं, पण ते होतंच वाकडं. शांता लंगडत आली, बघितलं. "अगं बया, दादाभावजी हसायलेत की!" पदर डोळ्याला. लई माया होती तिची त्याच्यावर. माझीही होती. त्याला कधी सांगितलं नाही.

२ मे
सेक्रेटरी येऊन गेले. "डोळे उगडा, पेंटर. मिटल्या डोळ्यांचं चित्र भिंतीवर लावत्यात व्हय? लोक म्हनतील, मेल्यावर काडलंय."
"मग मेल्यावरच काढलंय की बे!"
बे तोंडातून निघून गेलं. ते चहा न घेता गेले. शनिवारी मंडळ ठरवणार. डोळे उघडले नाहीत तर कार्डावरचाच फोटो मोठा करून लावतील.

४ मे
सुमनवहिनी आल्या. चित्रासमोर खाली बसल्या. मग रडल्या, अगदी पोटभर. मला राहवेना. मंडळाचं सांगायला लागलो : डोळ्यांचा वाद आहे, तुमचं मत शनिवारी…
त्यांनी ओठावर बोट ठेवलं.
"हळू बोला, भावजी. चाखू द्या त्येन्ला."