एकोणतिसावा कागद

पोलादपूर,
रविवार, ११ मे २००३

प्रिय दादा,

निशूचा नमस्कार. इकडे सगळं बरं आहे. तुझं आणि वहिनीचंही मुंबईत बरं असेल.

उन्हाळी सुट्टीतलं संशोधनाचं प्रशिक्षण छान चाललंय. ज्यांच्या घरात आजवर कुणी डॉक्टर झालं नाही अशा आम्हा बारा जणांनाच कॉलेजने निवडलं. सर म्हणतात, खेड्यातली तोंडं तपासायला खेड्यातलेच दंतवैद्य तयार व्हायला हवेत. पहिल्या दिवशी मी एवढी ताठ बसले होते की माझी जोडीदारीण सादिया म्हणाली, "निशिगंधा, श्वास तरी घे." ती महाडची, तिच्या अब्बांचा ट्रकचा धंदा. मशेरी लावणाऱ्या बायकांच्या तोंडांवर आमचा अभ्यास आहे. मी तोंडात बघून आकडा सांगायचा, तिने लिहायचा. शून्य म्हणजे निरोगी. चार म्हणजे वेळ न घालवता मोठ्या इस्पितळात.

गुरुवारी आपल्या उमरठला होतो. आईने आदल्या दिवशीच घरोघर जाऊन सांगितलेलं, "माजी पोरगी दात बघाया येतेय, चांगलं घासून या गो." झालं! सगळ्या बायका दुप्पट मशेरी घासून हजर. ते काळेकुट्ट दात बघून सर डोक्याला हात लावून बसले. तेव्हा मलाही हसू आलं होतं.

आईचा नंबर तिसावा होता. पण ठमाबाईने "तुजी लेक हाय, तू हो फुडं" म्हणून तिला ढकललं आणि आई एकोणतिसावी झाली. दर दहावं तोंड सर स्वतः पुन्हा तपासतात, आमचं चुकलं तर कळावं म्हणून. म्हणजे ठमाबाईचं तोंड ते बघतील, आईचं नाही.

दादा, मला भीती वाटतेय. वर सगळं बरं आहे लिहिलं ते खोटं.

आईच्या खालच्या ओठाच्या आत, ती मशेरी धरते तिथेच, पांढरा चट्टा आहे. मधे लाल. कापसाने पुसला, गेला नाही. कडेला बोट लावलं तर टणक लागलं. असं दिसलं तर काय समजायचं हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलंय. त्या रोगाचं नाव मला इथे लिहवत नाही. तुकडा काढून तपासल्याशिवाय नक्की कळत नाही, एवढंच धरून बसलेय.

मागे वीस-पंचवीस बायका ऐकत होत्या. आई आ करून माझ्याकडे बघत होती, डोळ्यांत नुसतं कौतुक. मी म्हटलं, "शून्य." सादियाने विचारलं, "शून्य?" मी पुन्हा म्हटलं, "शून्य." तोंड मिटून आईने विचारलं, "बरं हाय ना गो?"

मी म्हटलं, "हाय."

आणि आणखी एक. शिमग्याला घरी जाताना महाडच्या बाजारातून तंबाखू मीच नेली होती. दरवेळी मीच नेते. म्हणे दाताची डॉक्टरीण! आईने ती मशेरीसाठी तव्यावर भाजायला घेतली, घरभर ठसका उठला, आणि मी उठून दार उघडून दिलं.

तीन दिवस जेवण जात नाही. सांगितलं तर सर म्हणतील, घरच्या माणसाचं खोटं सांगते, मग पुढच्या वर्षी आमच्यासारख्यांना कोण घेईल? आणि नाही सांगितलं तर आईचं काय होईल, ते मला पुस्तकातल्या चित्रांसकट पाठ आहे.

आज दुपारी सादियाजवळ रडले. ती उठली, गठ्ठ्यातून एकोणतिसावा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. रकाना कोरा होता.

"दोन्ही वेळा तू माझ्याकडे न बघता शून्य म्हणालीस, म्हणून मी लिहिलंच नाही," ती म्हणाली. "तू भर."

मी भरलाय. चार. उद्या सकाळी कागद सरांच्या हातात देऊन सगळं सांगणार आहे. मग काढून टाकू देत मला.

पण आईला एकटीने सांगायची हिंमत माझ्यात नाही. तुझ्या शेजारच्या दुकानात फोन केला असता तर चार माणसांत तुला हे ऐकावं लागलं असतं. म्हणून पत्र जानूकाकांबरोबर पाठवतेय, ते संध्याकाळच्या एसटीने मुंबईला निघालेत. वाचलंस की निघ. आई दारातच विचारेल, मधेच कसा आलास. तुला मुंबईला न्यायला आलो, एवढंच म्हण. मंगळवारी मी उमरठला पोचते. बोलेन मीच, तू नुसता शेजारी बस.

आईला "बरं हाय" म्हणालेली,
तुझी निशू