खडू पुसायचा कोणी

रविवार, ९ डिसेंबर

प्रिय वहिनी,

नमस्कार. इकडे आम्ही दोघं बरे आहोत, तुम्हीही सगळे बरे असाल असं धरून चालते. पाकीट बघून धसका घेऊ नकोस. फोनवर तू "कसे आहेत हे?" विचारतेस, मी "बरा आहे" म्हणते, आणि तेवढा वेळ दादा समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत असतो. अशाने काय बोलणं होणार? आज सुट्टी आहे, तो दुपारचा गाढ झोपलाय, म्हणून पेन घेऊन बसले. सांगायचं पुष्कळ आहे. त्यातलं काही वाचून तू चिडशील, पण शेवट गोड आहे एवढं आधीच सांगून ठेवते.

आधी पायाचं. नवा कृत्रिम पाय छान बसला. दवाखान्यातल्या ताईंनी दोनदा आत-बाहेर करून नीट केला. आता घासत नाही, जखम भरली. दादा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतो आणि आल्यावर दमलो नाही असं दाखवतो. जेवण बरं आहे. भाजीत मीठ कमी आहे हे तो कालपर्यंत बोलून दाखवत नव्हता, नुसता मिठाचा डबा पुढे ओढायचा. तुझा माणूस तुला माहीतच आहे.

आता माझं काम. मागे तू विचारलं होतंस की गृहनिर्माण मंडळाच्या एवढ्या मोठ्या कामात माझ्यासारखीला कोणी कसं उभं केलं. सरळ सांगायचं तर आपणहून कोणी केलं नसतं. मंडळाने या वेळी अटच घातली आहे. मोठ्या कंत्राटदाराने सगळं काम एकट्याने गिळायचं नाही, काही भाग छोट्या टोळ्यांना द्यायचा, त्यात बायकांनी चालवलेल्याही हव्यात. आणि माणसं घ्यायची ती शेजारच्या जुन्या चाळींतली आधी, अपंगांना डावलायचं नाही. त्या अटीतून एका इमारतीचं प्लंबिंग माझ्या पदरात पडलं. त्याची पाण्याची चाचणी पहिल्या फटक्यात पार पडली तर पुढच्या दोन इमारतीही माझ्या, नाही तर त्या कंत्राटदाराच्या नेहमीच्या माणसांकडे, असं ठरलं होतं.

कंत्राटदाराचा एक देखरेख करणारा माणूस आहे. आम्ही त्याला हरकतराव म्हणतो, कारण सूर्य उगवला तरी त्याची हरकत असते. पहिल्याच दिवशी माझ्यासमोर म्हणाला, आता आम्ही इमारती बांधायच्या की संस्था चालवायची. बायकांसाठी कडीचा संडास बांधायला सांगितला तेव्हा तर त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण बांधला हो, कडीसकट. इतकी वर्षं मी या धंद्यात आहे, साइटवर पाणी प्यायला न घाबरण्याची ही पहिलीच वेळ. हसू नकोस, तुला कळायचं नाही ते.

माझ्या हाताखाली दोघी बहिणी आहेत, मोठी आणि धाकटी. त्याच जुन्या चाळीतल्या. काम संपलं की याच इमारतीत त्यांना घर मिळणार आहे. त्यामुळे मोठी प्रत्येक नळाकडे असं बघते की जणू तिच्या भांड्यावरच पाणी पडणार आहे. धाकटी वर्षभरात माझ्यासारखी जोडणी करेल. आणखी एक माणूस हवा होता, खालच्या मजल्यावर टेबलाशी बसून पाइप कापणारा, मोरीचे नि स्वयंपाकघराचे तुकडे जोडून तयार सेट वर पाठवणारा.

आता पत्र हातात घट्ट धर, वहिनी. तो माणूस दादा आहे.

शपथेवर सांगते, मी त्याला नेलं नाही. माणूस निवडायचा होता त्या दिवशी मी डबा घरी विसरले, तो द्यायला म्हणून आला. थोड्या वेळाने मी बाहेर येऊन बघते तर दादा रांगेत. डबा हातात, पुढे चार माणसं, मागे तीन.

मी म्हटलं, "तू इथे काय करतोस?"

"रांगेत उभा आहे."

"ते दिसतंय. कशाला?"

"हे बाकीचे कशाला उभे आहेत?"

टोळीच्या मालकाने सख्ख्या नातेवाइकाची निवड करायची नाही असा नियम आहे, तेव्हा मी खुर्चीवरून उठले आणि मंडळाच्या इंजिनिअर बाईंना बसवलं. बाई फार बोलत नाहीत. त्यांनी विचारलं, काय जमणार नाही? दादा म्हणाला, शिडी चढणार नाही, बाकी विचारा. मग त्यांनी सगळ्यांनाच एक-एक सेट जुळवायला दिला. दादाचा हात कसा चालतो ते मी तुला काय सांगू, बाईंनी त्यालाच घेतलं. तू मला बजावलं होतंस की पाय बसवून तसाच घरी पाठव, बांधकामाची सावलीसुद्धा पडू देऊ नको. मी हो म्हटलं होतं. महिना होत आला, तुझ्याशी रोज फोनवर बोलते आणि रोज दवाखान्याचं निमित्त पुढे करून हे गिळते. त्यानेच सांगू नको म्हणून गळ घातली होती, पण तोंड माझं होतं. दोष मला दे.

तो परांचीच्या जवळ जात नाही. टेबल तळमजल्यावर आहे, बाईंनी दारापर्यंत उतार करून घेतलाय. एवढं वाचून श्वास घे आणि मग पुढे वाच.

पाणी पिऊन आले. तो अजून घोरतोय.

आपल्या घरची जोडणीची पद्धत तुला तोंडपाठ असेल, जेवताना आम्ही दुसरं बोललोच कधी. आधी सगळे जोड कोरडेच बसवून बघायचे. कोरड्या जोडाभोवती खडूने कडं काढायचं. मग एकेक उघडून सोल्युशन लावून कायमचा बसवायचा, आणि ज्याने लावलं त्यानेच खडू पुसायचा. खडू दिसला की जोड कच्चा, नाही दिसला की पक्का. बाबांनी दादाला शिकवलं, दादाने मला, मी बहिणींना. दुसऱ्या टोळ्या हसतात याला. आमचा एकही जोड आजवर सुटला नव्हता.

परवा चाचणी होती. सगळ्या पाइपांत पाणी भरून पंपाने दाब चढवतात आणि काटा बघत बसतात. काटा हलला नाही तर पास. बाई होत्या, हरकतराव होता. दाब चढला, मोठी डोळे मिटून उभी, आणि काटा खाली यायला लागला. घसरतच गेला. तिसऱ्या मजल्यावरून धाकटी ओरडली की मोरीच्या भिंतीतून पाणी येतंय. वर जाऊन भिंत फोडून बघितलं तर जोड हातात निघून आला. आत सोल्युशनचा थेंब नाही, बाहेर खडूचा कण नाही.

हरकतराव तो जोड हातात घेऊन आतून-बाहेरून नुसता बघत राहिला. तो बोलला असता तर बरं वाटलं असतं.

खाली येऊन मी विचारलं, खडू कोणी पुसला? दोघी बहिणी एकमेकींकडे बघायला लागल्या. धाकटीच्या डोळ्यांत पाणीच आलं. तेव्हा दादा टेबलामागून म्हणाला, "मी पुसला."

झालं असं, की मागच्या आठवड्यात एकदा बाई चक्कर मारणार होत्या. आपलं टेबल नीटनेटकं दिसावं म्हणून या गृहस्थाने ओलं फडकं घेऊन सगळे तयार सेट लख्ख पुसून काढले. त्यात एकाचा एक जोड अजून कच्चा होता. ज्याने मला खडूवरून कान पिळून पिळून शिकवलं, त्याने.

वहिनी, माझं डोकं फिरलं. काय बोलले ते लिहिते, तुझ्यापासून आता काही लपवायचं नाही. सगळ्यांसमोर म्हटलं, "अक्कल गहाण ठेवलीस का? पाइप काय शोकेसमध्ये ठेवायचेत? या दोघींचं काम जाईल, माझं नाव जाईल, कोणाच्या हौसेपायी? आजपासून तुझा प्रत्येक सेट धाकटी तपासणार. पटत नसेल तर घरी बस."

घरी बस. बोलून गेले आणि जीभ चावली. एवढ्यात हरकतराव, माझी बाजू कधीच न घेणारा तो माणूस, मऊ आवाजात मला म्हणाला, "जाऊ द्या हो बाई. अपंग माणूस आहे."

दादा त्याच्याकडे वळला. "अपंग पाय आहे. चूक हातांनी केलीय. तिला बोलू द्या."

आणि मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पुढे बोल. सेट तपासायचे, मग?"

मग काय, कामाला लागलो. बाईंनी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, पहिल्या फटक्याची अट मोडली हे खरं, पण चूक कुठे, कशी, कोणाची हे इतक्या लवकर नि इतकं स्पष्ट मला कुठल्याच टोळीने सांगितलेलं नाही. दुरुस्त करा, उद्या पुन्हा लावू, मग ठरवू. धाकटीने टेबलावर उरलेला दादाचा एकेक सेट हातात घेऊन तपासला. सुरुवातीला तिला लाज वाटत होती, तर दादाच तिच्यावर खेकसला की नीट वाकवून बघ, मी काही देव नाही. आणखी एकही कच्चा निघाला नाही. सुटलेला जोड दादाने खाली पुन्हा तयार केला, मी वर नेऊन बसवला.

काल काटा जागचा हलला नाही. बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या, उठल्या आणि सही केली. पुढच्या दोन्ही इमारती आमच्या. मोठी तिथेच फरशीवर बसून हसायला लागली. मी त्या कडीच्या संडासात जाऊन मनसोक्त रडले, कडी लावून. इतकं हलकं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

आणि हलकं कशाने वाटलं सांगू? कामाने वाटलंच, पण खरं म्हणजे दादाने. काल रात्री जेवताना तो माझ्याशी भांडला. भाजीत मीठ नाही, म्हणाला. तू जोडाचा कोन चुकीचा घेतेस, म्हणाला. मीही ऐकून घेतलं नाही. दोघं तोंडाला तोंड देत राहिलो, आणि मध्येच माझ्या लक्षात आलं की परांचीवरून पडून पाय गेल्यापासून हा माणूस कोणाशी भांडलाच नव्हता. भांडणार कसा? आपण त्याला भांडू कुठे दिलं? मी, तू, मुलं, सगळे त्याच्याशी दवाखान्यात बोलतात तसं बोलत होतो. ग्लास फुटला तरी असू दे, चिडचिड केली तरी असू दे. त्याच्याकडून काही चुकूच शकत नाही असं आपण वागलो, आणि त्याला वाटलं की आपल्याकडून आता कोणाला काही हवंच नाही. हे त्यानेच सांगितलं मला, ताटावर बसून, वर न बघता. म्हणाला, "तू सगळ्यांसमोर बोललीस ना, तेव्हा कुठे वाटलं की मी कामावर आहे."

आता मुद्द्याचं. त्याला या दोन इमारती संपेपर्यंत राहायचं आहे. तुला विचारायची त्याची छाती होत नाही, म्हणून मला पुढे केलंय. पण मी तुला दिलेला शब्द आधीच एकदा मोडलाय, पुन्हा मोडणार नाही. तू नाही म्हणालीस तर त्याला परत पाठवीन. तो कुरकुरेल, पण येईल.

फक्त ठरवण्याआधी एकदा येऊन जा. मुलांना घेऊन ये, खोली लहान आहे पण मावू. त्याला टेबलाशी बसलेला बघ. आणि वहिनी, महिनाभर खोटं बोलल्याबद्दल त्याला दारातच चांगला फैलावर घे. कच खाऊ नकोस, पायाकडे बघू नकोस. तुझ्या तोंडून ऐकायला तो थांबलाय.

माझ्यावरचा राग नंतर काढ, मी कुठे जात नाही.

तुझीच नणंद,
आणि सध्या तुझ्या नवऱ्याची मालकीण