एकतीस पिस्तुले आणि एक अंगठा

मी, चंद्रहास त्र्यंबक गायधनी, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त अभियंता, मूळ राहणार नाशिक, हल्ली मुक्काम मंगफ, कुवेत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचे डॉ. रबिया काझी यांनी तपासून लेखी दिले आहे. माझा मुलगा परीक्षित याला त्याबद्दल शंका आहे. पण त्याने गेल्या दहा वर्षांत माझे एकही वाक्य शेवटपर्यंत ऐकलेले नाही, तेव्हा त्याची शंका विचारात घेऊ नये. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. तेवढा माझ्यात कोणाला रस नाही. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत मी एक गोष्ट खोटी लिहिली होती. ती कलम सहामध्ये दुरुस्त केली आहे.

कलम १. नाशिकच्या इंदिरानगरमधील फ्लॅट, त्यातील सामान आणि माझ्या नावावरील सर्व ठेवी माझी पत्नी सौ. श्यामला हिला मिळाव्यात. त्या फ्लॅटच्या बाल्कनीचा दरवाजा तिने मला न विचारता बदलला आणि नवा दरवाजा पहिल्याच पावसाळ्यात गंजला. त्यावर मी अवाक्षर काढले नाही, असे मी मागच्या मृत्युपत्रात लिहिले होते. श्यामलाने ते वाचले आणि इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणून ते वाक्य काढून टाकत आहे.

कलम २. परीक्षितला माझी सात मनगटी घड्याळे मिळावीत. सातही घड्याळांची मागची बाजू काळवंडली आहे आणि पट्ट्यांची बक्कले हिरवी पडली आहेत. मागच्या दोन्ही मृत्युपत्रांत मी याचा दोष फरवानियातील घड्याळवाला रफीक याच्यावर ठेवला होता आणि 'स्टेनलेस, साहब, लाइफटाइम' म्हणत पत्रा विकणारा चोर, असे त्याचे वर्णन केले होते. रफीकचे पुढे पाहू.

कलम ३. सलवा येथील बू मिशारी यांच्या घरातील एकतीस जुनी पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हर ही माझी मालमत्ता नाही. ती परवान्यासकट त्यांची आहेत. हे मुद्दाम लिहावे लागते, कारण माझा पुतण्या अभिनव गेल्या दिवाळीत फोनवर म्हणाला, "काका, त्यातलं एखादं आपल्याकडे नाही का येणार?" त्याला ती सीताफळांची करंडी वाटते.

माझी आहे ती फक्त राखण. चौतीस वर्षे मी तेलाच्या पाइपांना गंज लागू नये म्हणून पगार घेतला. त्याच ज्ञानावर १९९९ पासून दर शनिवारी सकाळी सलव्याला जाऊन ही हत्यारे सांभाळत आलो, आवड म्हणून आणि, खरे सांगायचे तर, तिथे माझे ऐकले जाते म्हणून. बू मिशारी आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. तरुणपणी मुंबईत व्यापार केल्यामुळे ते माझ्याशी हिंदीतच बोलतात. कपाटाची किल्ली माझ्या हातात देताना ते म्हणाले होते, "चंद्रहास, तुम्हारे बाद जिसका नाम तुम लिखेगा, चाबी उसका." ते नाव लिहिणे हे या मृत्युपत्राचे मुख्य काम आहे. त्यांचा मुलगा मिशारी (त्याचे वडील म्हणून ते 'बू मिशारी') याला ते नाव स्वतःचे असावे असे वाटते.

कलम ४. मिशारीचे नाव मी लिहिणार नाही. त्याला दिवाणियात, म्हणजे घरातल्या पुरुषांच्या बैठकीत, दिवे लावलेले काचेचे कपाट हवे आहे आणि प्रत्येक पिस्तूल चामड्याच्या म्यानात हवे आहे, कारण ते 'रॉयल' दिसते. चामडे हवेतला ओलावा पिऊन बसते. ते कमावताना वापरलेले क्षार त्यात राहिलेले असतात आणि सहा महिन्यांत पोलादाला खाऊ लागतात. शिवाय समुद्र तिथून पाच मिनिटांवर. सप्टेंबरच्या दमट हवेत हा गृहस्थ एसीतले थंड पिस्तूल उचलून अंगणात पाहुण्यांना दाखवायला नेतो, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखे त्यावर पाणी सुटते, आणि फोटो काढून झाले की तसेच ओले पेटीत परत. मी त्याला हे तीन वेळा समजावले. तिन्ही वेळा त्याने माझ्यासाठी चहा मागवला.

परीक्षितचा सल्ला असा होता : "डॅड, इट्स सिंपल. जस्ट व्हॅक्यूम-पॅक देम." आतला ओलावा आतच कोंडून ठेवायचा आणि वर त्याला टेक्नॉलॉजी म्हणायचे. अभिनवने एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक आडदांड मनुष्य पिस्तुलाला तेलात न्हाऊ घालतो. ते तेल लाकडी मुठीत मुरते, लाकूड फुगते आणि आतले तेल वर्षभरात डिंकासारखे चिकट होते. त्या व्हिडिओला चाळीस लाख लोकांनी पसंती दिली आहे. लोकसंख्येचा प्रश्न किती गंभीर आहे ते मला तेव्हा कळले.

माझ्यानंतर जो राखण करील त्याने पुढीलप्रमाणे वागावे. हत्यार रिकामे आहे हे आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, दुसऱ्याच्या शब्दावर विसंबू नये. घोडा चढवलेला ठेवू नये. तेलाचा हात इतका पातळ असावा की तो फडक्याला कळावा, डोळ्याला नाही. लाकडी आणि शिंपल्याच्या मुठींना तेल नाही, मेण. कपाटातला दमटपणा पंचेचाळीस ते पन्नास टक्के. त्याहून कोरडे केले तर मुठी तडकतात, हेही मिशारीला कळत नाही. ओलावा शोषणाऱ्या पुड्या महिन्यातून एकदा ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापराव्यात. उन्हाळ्यात घर बंद करून परदेशी जाताना त्या खोलीचा एसी चालूच ठेवावा. आणि उघड्या हाताने लोखंडाला कधीही शिवू नये. घामात मीठ असते, काही माणसांच्या घामात जरा जास्तच. अशा माणसाचा अंगठा दोन आठवडे पुसला गेला नाही तर तो पोलादात कायमचा राहतो. हे शेवटचे वाक्य मी दिवाणियात मोठ्या रुबाबात ऐकवत असे.

कलम ५. राखणीची माझी साधने अशी : दमटपणा मोजणारी दोन यंत्रे (त्यातले एक खोटे बोलते, पण कोणते ते दुसऱ्यामुळे कळते), मेणाचा डबा, मऊ ब्रश, सुती हातमोज्यांचे अकरा जोड, एक भिंग आणि दर शनिवारच्या नोंदींच्या सहा वह्या. ही किल्लीबरोबर जावीत. श्यामलाने हातमोजे चपात्यांच्या डब्यासाठी वापरू नयेत.

कलम ६. २०११ च्या सप्टेंबरात क्रमांक चारच्या बेल्जियन रिव्हॉल्व्हरवर मला गंजाचा एक डाग सापडला. तांबूस आणि स्पष्ट, अंगठ्याचा. हे रिव्हॉल्व्हर बू मिशारींच्या वडिलांचे. त्यांच्याकडे वडिलांच्या हातची तेवढी एकच वस्तू आहे. निळसर झिलई खाल्ली गेली होती. डाग घासून काढावा तर उरलेली झिलईही गेली असती, म्हणून तो आजही तसाच आहे.

तेव्हा कपाटाला हात लावणारी माणसे दोनच होती, मिशारीला ही हौस पुढे लागली. एक मी. दुसरा यूसुफ इब्राहिम सोलकर, रत्नागिरीजवळच्या कर्ल्याचा, बू मिशारींच्या घरी एकोणीस वर्षे कामाला. आला होता झाडलोटीला, पण पिस्तूल पुसण्याचा त्याच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही. हे मी त्याला कधीही म्हणालो नाही. मी इंजिनिअर होतो आणि तो फडकेवाला.

बू मिशारींनी विचारले, "तुम बोलो, ये किसका अंगूठा है?" मी म्हणालो, "मी हातमोज्याशिवाय हात लावत नाही." एवढेच म्हणालो. पुढचे त्यांचे त्यांनी समजून घेतले.

यूसुफ म्हणाला, "साहेब, हा अंगठा माजा नाय ओ. बाहेर टेबलार स्टॅम्पपॅड हाय, तो आणतंय. माजा अंगठा घ्या नि जुळवून बगा." तो जाऊन घेऊन आलासुद्धा. मी त्याला दारातच थांबवले आणि सांगितले की मी इंजिनिअर आहे, फौजदार नाही, आणि गंजातला ठसा पसरतो, तो जुळवता येत नाही. हे शास्त्र मी त्याच क्षणी बनवले होते. तो स्टॅम्पपॅड हातात घेऊन उभा राहिला. आठवड्याभरात त्याला कामावरून काढले. तेव्हापासून तो फरवानियातल्या एका बकाल्यात आहे, म्हणजे किराणा दुकानात, खोकी लावतो. मागच्या दोन्ही मृत्युपत्रांत मी लिहिले होते की यूसुफ सोलकर याच्या निष्काळजीपणामुळे क्रमांक चारचे नुकसान झाले. तेच ते खोटे.

दोन वर्षांपूर्वी नाशिकच्या फ्लॅटच्या मुखत्यारपत्रासाठी मला डाव्या अंगठ्याचा ठसा द्यावा लागला. माझ्या त्या अंगठ्यावर एक तिरका व्रण आहे, तरुणपणी प्रयोगशाळेत ॲसिड उडाले होते त्याचा. शाईच्या ठशात तो पांढऱ्या तिरक्या रेघेसारखा उठला. ती रेघ माझ्या ओळखीची होती. क्रमांक चारवरच्या डागाचा मोठा केलेला फोटो माझ्या वहीत चिकटवलेला आहे आणि त्यातल्या तिरक्या रेघेपुढे माझ्याच अक्षरात 'ओरखडा' असे लिहिलेले आहे. घरी येऊन मी भिंग लावून दोन्ही शेजारी ठेवले. व्रण तोच, वळणे तीच, अंगठा माझा.

मग सगळे फारच सोपे झाले. चष्मा घसरला की तो सावरायला मी डावा हातमोजा काढतो आणि परत घालायला विसरतो. घरी कॅमेऱ्याची भिंगे पुसताना श्यामलाने हे कितीदा तरी सांगितले होते, "अहो, एक मोजा टेबलावरच राहिलाय तुमचा." ती हे भाजी निवडता निवडता सांगायची, म्हणून मी ते मनावर घेतले नाही. आणि सात घड्याळे एकाच मनगटावर काळी पडली, तरी गंजाचे कारण शोधण्याचा पगार घेणाऱ्या माणसाला मनगटाचा संशय आला नाही. रफीक चोर नव्हता. त्याची घड्याळे चांगली होती. माझा घाम वाईट आहे.

हे कळल्यानंतर दोन वर्षांत मी चार वेळा यूसुफच्या दुकानासमोर गाडी उभी केली. तीनदा तसाच परत आलो. चौथ्यांदा आत जाऊन ताकाच्या दोन बाटल्या घेतल्या. यूसुफने "साहेब, बरे आसां ना?" म्हणून विचारले आणि पिशवी गाडीपर्यंत आणून दिली. मिशारीला मी बिनडोक म्हणतो, परीक्षितला उथळ म्हणतो, पण त्या दोघांनी अजून कोणाची भाकरी हिरावलेली नाही. मी भेकड आहे. हा शब्द मी पूर्ण शुद्धीत लिहीत आहे.

कलम ७. बू मिशारींनी दिलेल्या अधिकाराने माझ्यानंतरचा राखणदार म्हणून मी यूसुफ इब्राहिम सोलकर याचे नाव लिहितो. किल्ली आणि कलम पाचमधील सर्व साधने त्याला मिळावीत. बू मिशारींनी त्याला सन्मानाने घरी परत बोलवावे, अशी माझी त्यांना विनंती आहे. मिशारीने मध्ये पडल्यास त्याला कलम चार मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी मुलगी शर्वरी हिने करावी. या घरात दिलेले काम पुरे करणारी ती एकटीच आहे आणि हे मी तिला कधी सांगितलेले नाही, तेव्हा ती ते इथे वाचेल. सहीखाली मी डाव्या अंगठ्याचा ठसा उठवीत आहे. त्याच्या शेजारी डागाचा फोटो चिकटवीत आहे. माझ्या मृत्यूनंतर याची एक प्रत बू मिशारींना, एक मिशारीला आणि एक यूसुफला द्यावी.

सही : चं. त्र्यं. गायधनी
डाव्या अंगठ्याचा ठसा व त्याशेजारी फोटो : वरीलप्रमाणे

ठसा उठवल्यानंतरची नोंद. साक्षीदार डॉ. रबिया काझी यांनी ठसा आणि फोटो भिंगातून पाहिले आणि विचारले, "यूसुफभाईंना प्रत कधी मिळणार म्हणालात?" मी म्हणालो, माझ्या मृत्यूनंतर. त्यावर त्या म्हणाल्या, "तुमचं ब्लड प्रेशर उत्तम आहे, गायधनी. अजून दहा वर्षं सहज काढाल." दुसरे साक्षीदार अकबर होडेकर फरवानियात राहतात आणि टॅक्सी चालवतात. ते उठले आणि गाडी काढून गेले. तासाभरात यूसुफला घेऊन परत आले.

यूसुफने भिंग घेतले आणि खिडकीपाशी जाऊन बराच वेळ पाहिले. मी त्याची माफी मागितली. कोणते शब्द वापरले ते आठवत नाही. ते पुरेसे नव्हते एवढे आठवते. तो म्हणाला, "चौदा वर्सां, साहेब." मग विचारले, "डाग वाडला काय?" मी म्हणालो, नाही, होता तेवढाच आहे. त्याने मान हलवली.

मी किल्ली पुढे केली. त्याने खिशातून फडके काढले, किल्ली फडक्यातच धरून घेतली आणि दोन्ही बाजूंनी सावकाश पुसली.

"तुमचा हात लागलाय ना तिला," तो म्हणाला.

सबब कलम सातमधील किल्ली माझ्या हयातीतच योग्य हातात गेली आहे. खालील दोघांनी हे समक्ष पाहिले.

साक्षीदार :
१. डॉ. रबिया काझी, मंगफ (सही)
२. अकबर होडेकर, फरवानिया (सही)

स्थळ : मंगफ, कुवेत
दिनांक : ४ ऑक्टोबर २०२५, शनिवार