मास्कच्या आतला बाम

ती. आईस, तुझ्या भित्र्या लेकीचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. वॉर्डातल्या वासाने पोटात ढवळायचं, म्हणून मास्कच्या आत बाम चोळायला लागले. स्वतःवरच खूश होते.

काल एका आजोबांच्या पायाची पट्टी बदलली आणि 'जखम ठीक' असं लिहून टाकलं. मोठ्या सिस्टर दारातच थबकल्या.

"अगं, जखम सडतेय! तुला वास नाही आला?"

आजोबांना लगेच ऑपरेशनला नेलं. मी बाम फेकून दिला. आता वास आला की भीती वाटते, नाही आला की त्याहून जास्त.

बाबांच्या पायाची जखम सुकतेय, असं तू लिहिलंस. आई, पट्टी सोडून एकदा नाक जवळ नेशील? तुला सर्दी असेल तर काकूला बोलाव. पण हे पत्र खाली ठेवायच्या आधी.

तुझी,
धाकटी