वरची पायरी

नजरबाद, म्हैसूर
८ सप्टेंबर २०२५

चि. वाणीस आईचे अनेक आशीर्वाद. किरणकुमारांनाही सांग.

मी घरी सुखरूप पोचल्याचं फोनवर कळवलंच होतं, मग पत्र कशाला असं तुला वाटेल. फोन आला की तुझे अप्पा मला तो स्पीकरवर टाकायला लावतात आणि शेजारी खुर्ची ओढून बसतात. कागदाला कान नसतात, तेवढं बरं.

इथे दसऱ्याची गडबड सुरू झाली. हत्ती आलेत, रोज सकाळी बन्नीमंटपापर्यंत त्यांची तालीम चालते. गुडघा दुखतो म्हणून मला बाजारात पिटाळणारे अप्पा हत्तींमागे मात्र बरोबर चालतात.

तुमचं मेलबर्न अजून डोळ्यांपुढून हलत नाही. तुम्ही दोघं कामाला गेलात की मी एकटी ट्राममध्ये बसायची, हे तुला शेवटी शेवटी कळलं आणि तू रागावलीस. मी घरात बसून काय भिंती बघू? घड्याळांचं ते पिवळं स्टेशन दिसलं की उतरायचं, एवढं मी ठरवलेलं. एकदा शेजारच्या बाईशी गप्पांच्या नादात चुकले, तर मोठ्या मार्केटात पोचले. भाजीवाले अगदी आपल्या देवराज मार्केटातल्यासारखे ओरडत होते, भाषा तेवढी वेगळी. नदी मात्र मला पटली नाही. इतकं गढूळ पाणी, आणि काठावर लोक कौतुकानं कॉफी पितात. कावेरीचं पाणी प्यायलेल्या बाईला ते कसं आवडणार.

बरं, किती टाळू? हे पत्र मला अप्पांनी लिहायला लावलंय.

परवा त्यांनी नवरात्रात बाहुल्या मांडायच्या पायऱ्या माळ्यावरून काढल्या आणि बाहुल्यांची पेटी उघडली. वरच्या पायरीवर बसणारे आपले लाकडी राजा-राणी त्यात नव्हते.

"कुठं गेले?"

"वाणीकडे."

त्यांनी पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "शिलेदाराच्या घरचे राजा-राणी रंगाऱ्याच्या घरात? तिला लिही, कुरियरनं परत पाठीव म्हणून. अष्टे, एवढंच. फोन बेडा, नकोच, फोनवर तू विरघळतीस."

मी 'लिहिते' म्हणाले, म्हणून लिहिते आहे.

बाहुल्या हातात घेताना तू मला विचारलं होतंस, "अप्पांनी दिल्या?" मी म्हणाले, चहा टाक, डोकं दुखतंय. तू पुन्हा विचारलं नाहीस. तर ऐक. अप्पांनी दिल्या नाहीत. त्यांना पत्ताही नव्हता. मी त्या माझ्या जुन्या रेशमी साडीत गुंडाळून आणल्या. तुमच्या विमानतळावर लाकडाच्या वस्तू दाखवाव्या लागतात. तिथल्या मुलीनं दोघांना उलटंपालटं करून कीड आहे का बघितलं आणि विचारलं, या कुणाच्या? मी म्हणाले, "माय डॉटर्स," माझ्या लेकीच्या. इतकी वर्षं घरात जे तोंडून निघालं नाही, ते तिथे परक्या मुलीपुढे बोलून मोकळी झाले.

आणि मी काही चोरी केलेली नाही. या बाहुल्या माझ्या आईनं माझ्या लग्नात माझ्या ओटीत घातल्या, तिला तिच्या आईनं. म्हैसूरात त्या आईकडून लेकीकडे जातात. यात शिलेदारी आली कुठून? लेकीनं रंगाऱ्याच्या मुलाशी नोंदणीचं लग्न केलं म्हणून ती लेक राहत नाही, असं कुणी ठरवलं? तुझ्या लग्नात त्या पेटीतच राहिल्या, त्याचा राग माझ्या पोटात अजून आहे.

किरणकुमारांनी त्यांच्या आजीनं रंगवलेल्या रेशमाचा तुकडा काढून राणीला नेसवला, तेव्हा मी खिडकीकडे तोंड केलं. मला आवडलं नाही असं तुम्हाला वाटलं असेल. मी रडत होते गं.

तर अप्पांचा निरोप असा की बाहुल्या परत पाठव. तो मी पोचवला. आता माझं ऐक. पाठवायच्या नाहीत. यंदा खोक्यांच्या पायऱ्या कर, पण दोघांना सगळ्यांत वर बसव.

इथे मी शेट्टी-शेट्टीण त्यांच्या दुकानासकट, वरात, हत्ती सगळं मांडणार आहे. वरची पायरी रिकामी ठेवून तिथे नुसता दिवा लावणार. हळदीकुंकवाला आलेल्या बायका विचारतीलच, आणि अप्पा हॉलमध्येच बसलेले असतात. राजा-राणी माझ्या लेकीकडे तिच्या घरी आहेत, असं मी त्यांच्यादेखत सांगणार. पहिलं कुंकू अंबाबाईंना लावणार, तुझ्या सासूबाई म्हणून. आज सकाळीच त्यांच्या घरी जाऊन बोलावणं करून आले. त्या दारातच माझा हात धरून उभ्या राहिल्या.

अप्पा आत्ता डोकावून गेले. "लिहिलीस काय?" "लिहिलं." "नीट?" "अगदी नीट." कन्नड शाळेत शिकलेल्या माणसाला आपली मराठी वाचता येत नाही. पण वाच म्हणाले, तर एक शब्द न गाळता वाचून दाखवीन.

पाकिटावर मात्र तुझं नाव इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत घातलंय, पुढे किरणकुमारांच्या नावासकट. ते अप्पांना वाचता येतं. आणि पाकीट पोस्टात तेच घेऊन जाणार आहेत.

बाहुल्या देणारी,
तुझी आई
भवानीबाई