आईच्या भाराचा गूळ

मंठा
३ नोव्हेंबर २०२५

चि. कल्याण यास,

दैवशालाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. फोनवर तू आवाज चढवतोस आणि कट करतोस, म्हणून लिहिते. कागद कट करता येत नाही. माझा दीर भुजंग उद्या जालन्याला येतोय, त्याच्या हाती देते.

श्रावणात तू आईच्या पंच्याहत्तरीला गूळतुला केलीस. एका पारड्यात आई, दुसऱ्यात गूळ, एक्केचाळीस किलो. फाट्यावर तुझा हात जोडलेला बॅनर लागला. गावजेवण दिलंस, तलाठीसाहेबांना बोलावून शाल-श्रीफळ दिलंस, आणि माईक घेऊन सांगितलंस की आईला मी काही कमी पडू देत नाही. मीही टाळ्या वाजवल्या, त्याची आज लाज वाटते.

त्याच साहेबांनी दिवाळीआधी निराधार योजनेच्या यादीची पडताळणी केली आणि आईच्या नावापुढं लिहिलं, मुलगा सांभाळतो. आईचा पगार बंद. त्यांचं काय चुकलं? तूच तर सगळ्या गावासमोर सांगितलंस.

त्या पंधराशे रुपयांत काय होतं ते ऐक. तुझा भाऊ सोमेश्वर आणि वहिनी ऊसतोडीला जातात तेव्हा पाच-सहा महिने घरी आई आणि त्यांची पोर राजनंदिनी दोघीच. गहू-तांदूळ रेशनचा; तेल-मीठ, दवापाणी, पोरीच्या वह्या, सगळं त्या पगारातून. म्हणून तर ती सातवीपर्यंत आली. तिच्या वर्गातल्या तीन पोरी कधीच्याच उसाच्या फडात गेल्या. आता सोमेश्वर म्हणतो, दोघींना काय खायला ठेवून जाऊ? येत्या सोमवारी टोळी निघते आणि तो पोरीला घेऊन जाणार आहे. मी ठेवून घेतली असती, पण माझ्या अंगणवाडीच्या मानधनावर आधीच सहा तोंडं आहेत. आणि तू महिन्याला पैसे पाठवतो म्हणाला होतास, ते दोन वर्षांत एकदाच पाठवलंस.

मी घनसावंगीला तहसीलमध्ये विचारून आले. मी आईला सांभाळत नाही, एवढं मुलानं स्टॅम्पवर लिहून द्यायचं. एक वाक्य आहे आणि ते खरं आहे. रविवारच्या आत पाठव.

घरात सर्वांना आशीर्वाद. राग खरा आहे, तशी मायाही खरी समज.

तुझी ताई,
दैवशाला


मस्तगड, जालना
६ नोव्हेंबर २०२५

ती. दैवशालाताईस,

सा. न. वि. वि. पत्र पोचलं. वाचून अंगाची लाही झाली.

भर बाजारात माझं दुकान आहे. असा कागद ज्या वकिलाकडं करायचा, तो माझाच गिऱ्हाईक. कल्याण आईला सांभाळत नाही, हे मी सही करून जगाला सांगू? गूळतुला दुसऱ्या कुणी केली होती का? तू त्या दिवशी आल्तीस, बुंदीचे दोन डबे घेऊन गेल्तीस, तेव्हा न्हाई काही बोललीस.

माझाही खर्चा कमी नाही. पोराच्या शिकवणीनं कंबर मोडली आहे. तरी मी आईला घेऊन यायला तयार आहे. एका खोलीत पोराबरोबर झोपेल, तिला बिलकुल कमी पडणार नाही. राजनंदिनीचं मात्र तिच्या बापानं बघावं. पगार बंद सरकारनं केला आणि शिव्या मी खायच्या, हे कुठलं?

भावजींना नमस्कार. जास्त बोललो असेन तर धाकटा समजून पोटात घाल.

तुझा,
कल्याण


मंठा
११ नोव्हेंबर २०२५

चि. कल्याण यास,

आशीर्वाद लिहिते, कारण लिहायची रीत आहे.

काल टोळी गेली. मी गावी गेले होते. तुझा निरोप आईला सांगितला. ती म्हणाली, मला नेऊन काय करतो, मी तिकडं गेले की हिला कोण हाय? पगार न्हाई तर न्हाई, पोरगी जिथं तिथं मी. सोमेश्वर नको नको म्हणत राहिला, आणि ही पंच्याहत्तर वर्षांची बाई ट्रकमध्ये चढून भांड्यांच्या गोणीवर बसली. तू अंगावर घातलेल्या शालीत तिनं वाटेच्या भाकरी बांधल्या होत्या.

राजनंदिनी रडली नाही. दप्तर घेऊन बसली. वहिनीनं खाली ठेव म्हणून सांगितलं, तिनं ऐकलं नाही.

तुझी अब्रू जालन्यात शाबूत आहे, बघ. तिला एवढी जप की तिच्या पंच्याहत्तरीलाही बॅनर लागावा. आणि तुला आई म्हणून कुणी असेल असं अजूनही वाटत असेल, तर तो कागद दे.

दैवशाला


ऊसतोड टोळी, सांगलीकडे
२१ डिसेंबर २०२५

ती. कल्याणकाकांना,

राजनंदिनीचा शि. सा. न. वि. वि. तुम्ही स्टॅम्पवर लिहून दिलं असं आत्यानं फोनवर सांगितलं. आजीला सांगितलं तर तिनं पदरानं डोळे पुसले. तलाठीसाहेब म्हणाले म्हणे की पगाराची फेरचौकशी मार्चनंतर होईल. तोवर इथला हंगाम संपून कारखानाच बंद होतो.

फोन आहे, पण मी पत्र लिहिते, कारण न लिहिता राहिलं तर हात विसरून जातो. वहीची तेवीस पानं उरली आहेत.

आजी पाचटाच्या कोपीवर असते. स्वयंपाक करते, गुडघे दुखतात. तुमच्या तुलेतला गुळाचा एक खडा तिनं बांधून आणला आहे, तोच चहाला वापरतो. मी मोळ्या बांधते. मुकादम म्हणतात मोळी चाळीस किलोची भरते, म्हणजे एका आजीएवढी. मम्मी ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. मला अजून अर्धी आजीच उचलता येते.

काकूंना नमस्कार, भैयाला नीट अभ्यास कर म्हणावं. माझ्यावर माया ठेवा. उत्तर इथं पाठवू नका, आम्ही फड बदलतो. शाळेच्या पत्त्यावर पाठवा. पत्र आलं म्हणजे माझं नाव तिथं आहे हे गुरुजींच्या ध्यानात राहील.

तुमची,
राजनंदिनी
इयत्ता सातवी